‘भरारी’ म्हणू नका, मजुरी विचारा



वर्तमानपत्रांच्या महिला पुरवण्यांना एक शब्द फार आवडतो: ‘भरारी’. बाई रिक्षा चालवायला लागली की भरारी, सरपंच झाली की भरारी, आणि परदेशात खेळायला गेली की थेट गगनभरारी. या शब्दाची सोय अशी की तो एकदा वापरला की पुढचं काही विचारावं लागत नाही. ती कुणाच्या नोकरीत आहे, तिला महिन्याला किती मिळतं, बाळंतपणात पगार चालू राहतो का, गुडघा मोडला तर दवाखान्याचा खर्च कोण करतं, आणि मुळात तिला आपला देश सोडून का जावं लागलं, हे सगळे प्रश्न त्या एका शब्दाखाली गडप होतात.

या लेखात जपानच्या एका फुटबॉलपटूच्या कारकिर्दीविषयी लिहायचं आहे. तिचं नाव साकी कुमागाई. ती बचावपटू, म्हणजे गोल करण्यासाठी नव्हे तर गोल होऊ न देण्यासाठी मैदानात उभी राहणारी. ‘आपल्या अंकात फुटबॉल कशाला?’ असं काहीजणींच्या मनात येईल. त्या आक्षेपाला उत्तर द्यायचंच आहे. पण आधी तिची हकिगत.

चौदा वर्षं, चार देश, पाच क्लब

साकीचा जन्म १९९० सालचा, जपानच्या उत्तरेकडच्या साप्पोरो शहरातला. फुटबॉलसाठी शाळकरी वयातच तिनं घर सोडलं आणि सेंदाई शहरातल्या तोकिवागी गाकुएन या शाळेत दाखल झाली. २००९ साली ती उरावाच्या क्लबात आली. १७ जुलै २०११ रोजी जर्मनीतल्या फ्रँकफुर्टमध्ये स्त्रियांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. जपान आणि अमेरिका जादा वेळेनंतरही २-२ असे बरोबरीत राहिले. पेनल्टी किकवर निकाल लागणार होता. वीस वर्षांच्या साकीनं मारलेली किक जाळ्यात गेली आणि जपाननं ३-१ असा विजय मिळवला. ज्येष्ठ गटातला फुटबॉलचा विश्वचषक, पुरुषांचा असो की स्त्रियांचा, आशियातल्या देशानं जिंकण्याची ही पहिलीच वेळ. मार्चमधल्या भूकंपाला आणि त्सुनामीला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते.

त्याच वर्षी साकी फ्रँकफुर्टच्या क्लबात दाखल झाली. २०१३ साली फ्रान्समधल्या लियाँच्या क्लबात गेली आणि तिथं आठ वर्षं राहिली. २०१६ ते २०२० अशी सलग पाच वर्षं लियाँनं युरोपातली सर्वांत मोठी क्लब स्पर्धा, चॅम्पियन्स लीग, जिंकली. २०१६ च्या अंतिम सामन्यात निर्णायक पेनल्टी तिची होती. २०२० च्या अंतिम सामन्यात तर बचावपटू असूनही तिनं गोल केला. २०१९ साली आशियाई महासंघानं तिला वर्षातली सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. २०२१ साली ती म्युनिकच्या बायर्न क्लबात गेली, २०२३ साली रोमा क्लबात, आणि जानेवारी २०२५ मध्ये लंडन सिटी लायनेसेस या क्लबात. यातली काही वर्षं ती जपानच्या राष्ट्रीय संघाची कर्णधारही होती.

महिला पुरवणीचा लेख इथं संपतो. आपला इथून सुरू व्हायला हवा.

मालक आधी कुणाला कमी करतो?

साकी देश सोडून का गेली, याचं तिचं स्वतःचं उत्तर असेल. उत्तम खेळाडूंबरोबर खेळायची ओढ कुणालाही असते. पण एकटीच्या इच्छेनं सगळं सांगून होत नाही. तिच्या मागं उभी असलेली व्यवस्था बघायला हवी.

जपानमध्ये स्त्रियांची फुटबॉल लीग १९८९ साली सुरू झाली. पुरुषांची व्यावसायिक जे लीग त्यानंतर चार वर्षांनी, १९९३ साली आली. म्हणजे बायका आधी मैदानात होत्या. त्या वेळी जपानी कंपन्यांकडे पैसा वाहत होता आणि बायकांचा संघ बाळगणं ही कंपनीच्या प्रतिष्ठेची गोष्ट होती. आज ऐकून आश्चर्य वाटेल, पण तेव्हा युरोपातल्या बायका खेळायला जपानला येत. १९९५ च्या विश्वचषकात सर्वोत्तम ठरलेली नॉर्वेची हेगे रीसे निक्को सिक्युरिटीज या रोखे कंपनीच्या संघातून जपानमध्ये खेळली.

मग बाजार कोसळला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एकेका कंपनीनं हात झटकले. निक्को सिक्युरिटीजचा संघ गेला, फुजिता कंपनीचा गेला. खेळ तोच, कौशल्य तेच, मेहनत तीच. पण मंदी आली की बायकांचा संघ हा ‘अनाठायी खर्च’ ठरतो. हे आपल्याला नवीन आहे का? घेताना शेवटी आणि काढताना आधी, हा न्याय बीडीच्या कारखान्यापासून इलेक्ट्रॉनिक्सच्या युनिटपर्यंत बाईच्या नोकरीला लागतो. तोच फुटबॉललाही लागला.

त्यानंतर जपानी खेळाडूंनी काय केलं? त्यांनी दिवसा नोकरी केली आणि संध्याकाळी सराव. २०११ साली विश्वचषक जिंकणाऱ्या संघातल्या बऱ्याचजणी देशात खेळून पोट भरू शकत नव्हत्या. जग जिंकणाऱ्या या बायका आपल्या देशाच्या हिशेबात हौशी होत्या.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण आहे आणखी एका बचावपटूचं. आया सामेशिमा ही साकीच्याच शाळेत शिकलेली, तिच्याहून तीन वर्षांनी मोठी. २००६ पासून ती मरीझे या संघात खेळत होती. हा संघ होता तोक्यो इलेक्ट्रिक पॉवर, म्हणजे टेपको या वीज कंपनीचा. ठिकाण फुकुशिमा. संघातल्या खेळाडू कंपनीत नोकरी करत आणि कंपनीसाठी खेळत. ११ मार्च २०११ रोजी त्सुनामी आली, टेपकोचा अणुवीज प्रकल्प फुटला, हजारो कुटुंबांना घरंदारं सोडावी लागली. ज्या क्रीडा संकुलात या मुली सराव करत त्याचा ताबा अपघात निवारणाच्या कामासाठी घेतला गेला. संघाचं काम थांबलं ते थांबलंच.

आया अमेरिकेत बोस्टनच्या क्लबात गेली. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ती जपानच्या बचावफळीत साकीच्या बरोबर उभी होती. पण बोस्टन ज्या लीगमध्ये खेळत होतं ती अमेरिकन व्यावसायिक लीगच २०१२ साली बंद पडली. आया तोवर फ्रान्समधल्या माँपेलिएला पोचली होती, आणि त्याच वर्षी ती जपानला परतली. परतली ती सेंदाईत, मरीझेच्या विखुरलेल्या खेळाडूंना घेऊन उभ्या राहिलेल्या नव्या संघात.

आता सांगा, याला भरारी म्हणायचं? धरण आलं, कारखाना बंद पडला, दुष्काळ पडला म्हणून गाव सोडून ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला आपण काय म्हणतो? स्थलांतरित म्हणतो. साकी आणि ऊसतोड कामगार बाई यांचं दुःख एकसारखं आहे असं कुणीही म्हणणार नाही. साकीला नाव मिळालं, पैसा मिळाला, निवड करता आली. पण आपल्या गावात आपल्या हाताला काम नाही, ज्यांच्याकडे काम आहे त्यांनी ते केव्हाही काढून घ्यावं, आणि मग आपण चालू लागावं, हे गणित दोन्हीकडे एकच आहे.

फूल, विमान आणि कुंचले

जपानच्या पुरुष संघाला त्याच्या निळ्या पोशाखावरून ‘सामुराई निळे’ म्हणतात. सामुराई म्हणजे योद्धा. बायकांच्या संघाचं नाव ‘नादेशिको जपान’. २००४ साली लोकांकडून सूचना मागवून ते ठरवलं गेलं. नादेशिको हे एक नाजूक गुलाबी फूल. ‘यामातो नादेशिको’ म्हणजे जुन्या जपानी कल्पनेतली आदर्श स्त्री: मर्यादशील, सोशिक, घराण्याची आणि नवऱ्याची पाठराखण करणारी. आपल्याकडच्या संघाला ‘गृहलक्ष्मी इलेव्हन’ म्हटल्यासारखंच हे. मैदानात नव्वद मिनिटं धावायचं, अंगावर येणारीला अडवायचं, चिखलात लोळायचं, पण नाव मात्र फुलाचं!

२०११ चा विश्वचषक जिंकल्यावर ऑगस्टमध्ये जपान सरकारनं या संघाला राष्ट्रीय सन्मान पुरस्कार दिला. हा पुरस्कार एखाद्या संघाला मिळण्याची ती पहिली वेळ. त्याबरोबर प्रत्येकीला भेट म्हणून काय दिलं? चेहऱ्याला रंगरंगोटी करायच्या कुंचल्यांचा संच. कुमानो गावच्या कारागिरांनी बनवलेले ते नामांकित कुंचले आहेत, त्या कारागिरांविषयी आदरच आहे. पण जग जिंकून आलेल्या बायकांना बघितल्यावर राज्यकर्त्यांना मेकअप सुचतो, यातच सगळं आलं. यात जपान एकटा नाही. १९८९ साली पश्चिम जर्मनीच्या बायकांनी युरोपचं विजेतेपद मिळवलं तेव्हा त्यांच्या महासंघानं बक्षीस म्हणून कपबश्या दिल्या होत्या!

पुढचं वर्ष, २०१२. लंडन ऑलिम्पिकला जपानचे दोन्ही फुटबॉल संघ एकाच विमानानं निघाले. २३ वर्षांखालच्या मुलग्यांचा संघ महागड्या बिझनेस क्लासमध्ये आणि विश्वविजेत्या बायका मागे, त्याहून स्वस्त वर्गात. संघातली ज्येष्ठ खेळाडू होमारे सावा हिनं शांतपणे बोलून दाखवलं की खरं तर हे उलट असायला हवं होतं, वयानंही आम्हीच थोरल्या आहोत. बायकांनी रौप्यपदक मिळवलं. मुलगे चौथे आले. परतीच्या प्रवासात मग बायकांना पुढच्या वर्गात जागा मिळाली. मुलग्यांना जे मुलगे म्हणून मिळतं ते बायकांना पदक आणल्यावर बक्षीस म्हणून मिळतं. घरात मुलाच्या ताटात आधी पडणारं दूध आठवा.

ही मानसिकता जुनी झाली असं कुणी म्हणू नये. फेब्रुवारी २०२१ मध्ये तोक्यो ऑलिम्पिकच्या संयोजन समितीचे अध्यक्ष, माजी पंतप्रधान योशिरो मोरी यांनी सांगितलं की बायका असल्या की बैठका लांबतात. देशात आणि बाहेर ओरड झाली, तेव्हा कुठे त्यांनी पद सोडलं. २०२१ च्याच सप्टेंबरमध्ये जपानमध्ये स्त्रियांची पहिली पूर्ण व्यावसायिक लीग सुरू झाली. नाव ‘वी लीग’, म्हणजे स्त्री सक्षमीकरणाची लीग. अकरा क्लब होते आणि क्लबच्या कामकाजात निम्म्या बायका असाव्यात, अशी चांगली अट होती. तिचं स्वागतच केलं पाहिजे. पण तोवर साकीला देश सोडून दहा वर्षं झाली होती. आणि या लीगचं पहिलं अध्यक्षपद एका माजी स्त्री फुटबॉलपटूकडे होतं, ते २०२४ साली पुरुषांच्या लीगच्या अध्यक्षांकडेच जोडपद म्हणून सोपवण्यात आलं.

२०२३ चा विश्वचषक २० जुलैला सुरू व्हायचा होता. तो जपानमध्ये दूरदर्शनवर दिसणार की नाही हे जेमतेम आठवडाभर आधी ठरलं. ज्या देशाची मुलगी युरोपात पाच वेळा विजेती झाली, त्या देशाला आपल्या बायकांचे सामने बघायला मिळतील की नाही याची खात्री नव्हती.

न करपलेली भाकरी

आता बचावपटूच्या कामाविषयी. या कामात आपल्याला ओळखीचं काहीतरी दिसेल.

पुढच्या फळीतल्या खेळाडूनं ऐंशी मिनिटं काही केलं नाही आणि एक गोल मारला, तर दुसऱ्या दिवशी तिचा फोटो. बचावपटूनं एकोणनव्वद मिनिटं प्रत्येक धाव ओळखली, वाट अडवली, बरोबरच्या मुलींना हाका मारून जागेवर ठेवलं, तर त्याची नोंद कुठं? जे घडलं नाही त्याचा फोटो निघत नाही. घरकामाचं हेच आहे. भाकरी करपली की सगळ्या घराला कळतं. रोज न करपलेल्या भाकरीविषयी कुणी बोलत नाही. मूल आजारी पडलं की ‘आई कुठं होती?’ आणि वर्षभर धडधाकट राहिलं त्याचं श्रेय हवापाण्याला.

२०१९ च्या विश्वचषकात नेदरलँड्सविरुद्ध सामना १-१ असा होता. अगदी शेवटी चेंडू साकीच्या हाताला लागला, पेनल्टी दिली गेली आणि जपान १-२ असा हरून बाहेर पडला. त्या सामन्यात तिनं आधी किती चेंडू परतवले हे कुणाला आठवत नाही. हात लागलेला तेवढा सगळ्यांना आठवतो. जगातल्या सर्वोत्तम स्त्री खेळाडूला दिला जाणारा बॅलन डी’ऑर हा सोन्याचा चेंडू २०१८ पासून २०२५ पर्यंत सात वेळा दिला गेला. एकदाही तो बचावपटूला मिळाला नाही. पुरुषांतही तो बचावपटूंना क्वचितच मिळतो, हे खरं. म्हणजे हा प्रश्न निव्वळ स्त्री-पुरुषाचा नाही. सांभाळण्याच्या, राखण्याच्या, निभावून नेण्याच्या श्रमांना या समाजात किंमतच नाही, हा तो प्रश्न आहे. आणि हे श्रम जगभर बहुतेक करून बायकाच करतात, म्हणून तो आपला प्रश्न आहे.

त्याच सोन्याच्या चेंडूची आणखी एक गोष्ट. २०१८ साली तो पहिल्यांदा बायकांना दिला गेला आणि मिळाला साकीच्याच क्लबातल्या आदा हेगेरबर्ग या नॉर्वेच्या खेळाडूला. बक्षीस घ्यायला ती मंचावर आली तेव्हा सूत्रसंचालकानं विचारलं, कंबर हलवून नाचता येतं का? ती ‘नाही’ म्हणाली आणि वळली. जगातली सर्वोत्तम खेळाडू झाल्यावरही बाईला आधी नाचून दाखवावं लागतं!

परदेश म्हणजे काही स्वर्ग नव्हे

काही मैत्रिणी म्हणतील, जपान मागासलेला, युरोप पुढारलेला, म्हणून ती गेली. इतकं सोपं नाही. साकी ज्या देशांत खेळली त्यांचा इतिहास बघा.

जर्मनीच्या फुटबॉल महासंघानं १९५५ साली बायकांच्या फुटबॉलवर बंदी घातली. कारण काय, तर चेंडूसाठी झटापट करताना स्त्रीचं सौंदर्य आणि शालीनता नष्ट होते. १९७० साली बंदी उठवली तीही अटींवर: सामन्याचा वेळ कमी, चेंडू हलका, बुटांना खिळे नाहीत. इटलीत १९८१ च्या कायद्यानं कोणता खेळ व्यावसायिक मानायचा हे महासंघांवर सोपवलं. फुटबॉलच्या महासंघानं पुरुषांना व्यावसायिक मानलं आणि बायकांना २०२२ पर्यंत हौशी ठेवलं. म्हणजे साकी रोमाला पोचली त्याच्या एकच वर्ष आधी तिथल्या बायकांना कायद्यानं कामगाराचा दर्जा मिळाला. इंग्लंडची गोष्ट पुढे येतेच.

आणि लियाँ? जगातला सर्वांत यशस्वी स्त्री क्लब. तिथं तर सगळं चांगलं असेल? साकीबरोबर २०२० चा अंतिम सामना खेळलेली आणि त्यात गोल केलेली आइसलँडची सारा ब्यर्क गुन्नार्सदोत्तिर २०२१ साली गरोदर राहिली. क्लबनं तिचा पगार पूर्ण दिला नाही. जानेवारी २०२१ पासून जागतिक महासंघाचा, फिफाचा, नियमच आला होता: किमान १४ आठवड्यांची बाळंतपणाची रजा, निदान दोनतृतीयांश पगार, आणि गरोदरपणावरून कामावरून काढायचं नाही. साराच्या मागे खेळाडूंची संघटना उभी राहिली. फिफाच्या न्यायाधिकरणानं तिच्या बाजूनं निकाल दिला आणि क्लबला ८२ हजार युरोंहून अधिक रक्कम द्यायला लावली. हे पैसे क्लबच्या उदारपणामुळे मिळाले नाहीत. नियम होता, आणि तो वापरायला संघटना होती, म्हणून मिळाले.

याच्या शेजारी अझुसा इवाशिमिझुचं नाव ठेवा. २०११ च्या अंतिम सामन्यात शेवटच्या क्षणी अमेरिकेची धाव रोखून लाल कार्ड पत्करणारी बचावपटू ती हीच. ती परदेशी गेली नाही, तोक्योच्या क्लबातच राहिली. २०२० साली तिला मूल झालं आणि त्यानंतर ती पुन्हा मैदानात उतरली. तिच्याविषयी ‘गगनभरारी’ कुणी लिहीत नाही, कारण ती कुठं उडून गेली नाही. बाळंतपणानंतर कामावर परतणं हे बाईच्या आयुष्यातलं सर्वांत अवघड अंतर आहे, पण ते विमानानं मोजता येत नाही.

तीन आक्षेप

आता ज्या आक्षेपांना उत्तर द्यायचं म्हटलं होतं ते घेऊ.

पहिला आक्षेप आपल्यातलाच. पाणी, रेशन, मारहाण, हुंडा, बलात्कार असे प्रश्न समोर असताना खेळाचं काय घेऊन बसलात? उत्तर साधं आहे. या लेखात आतापर्यंत कशाविषयी बोललो? नोकरी, पगार, बाळंतपणाची रजा, कंपनी बंद पडणं, बाईच्या शरीरावर कुणाचा हुकूम चालतो हे. यातला कुठला प्रश्न आपला नाही? आणि वस्तीतल्या मैदानाचं काय? ते कुणाचं असतं? संध्याकाळी पाच वाजता तिथं कोण धावतं आणि कोण नळावर उभं असतं?

दुसरा आक्षेप डाव्या विचारांच्या मैत्रिणींचा. फुटबॉल हा भांडवलदारांचा धंदा, खेळाडूंची तिथं खरेदी-विक्री होते, त्यात शिरण्यात कसली मुक्ती? धंदा आहे, हे कबूल. साकी २०२५ साली ज्या लंडनच्या क्लबात गेली त्याच्या मालकीणबाई लियाँच्या संघाच्याही मालक आहेत आणि वॉशिंग्टनच्याही. मालक बाई असली म्हणून मालकी संपत नाही. पण गिरणी मालकाची होती म्हणून गिरणीतल्या बाईच्या पगाराचा प्रश्न चळवळीनं सोडून दिला का? नाही. उलट मालक आहे म्हणूनच संघटना लागते. ऑस्ट्रेलियाच्या संघानं २०१५ साली अपुऱ्या मोबदल्यावरून अमेरिकेच्या दौऱ्यावर जायचं नाकारलं आणि २०१९ साली पुरुषांच्या बरोबरीचा करार मिळवला. हेगेरबर्ग २०१७ ते २०२२ नॉर्वेच्या संघाकडून खेळलीच नाही, बायकांच्या खेळाची हेळसांड थांबवा म्हणून. अमेरिकेच्या खेळाडू २०१९ साली आपल्याच महासंघाविरुद्ध कोर्टात गेल्या आणि २०२२ साली २ कोटी ४० लाख डॉलरची तडजोड झाली. बहिष्कार, खटला, सामूहिक करार ही सगळी आपल्या ओळखीची हत्यारं आहेत.

तिसरा आक्षेप बाजारवाल्यांचा. बायकांचे सामने बघायला कुणी येत नाही, मग पैसा कुठून द्यायचा? हे धादांत खोटं आहे. १९२० साली इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर बायकांचा सामना बघायला ५३ हजार माणसं आली होती. त्यातला एक संघ होता प्रेस्टन गावच्या डिक, कर कारखान्यातल्या कामगार बायकांचा. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९२१ मध्ये, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं आपल्या अखत्यारीतली सगळी मैदानं बायकांना बंद केली. ही बंदी पन्नास वर्षं टिकली. आधी दार बंद करायचं, दोन पिढ्या बाहेर ठेवायचं आणि मग म्हणायचं, बघा, आत कुणी बाई दिसत नाही! दारं उघडल्यावर काय होतं तेही दिसलं आहे. २०२२ साली बार्सिलोनाच्या मैदानावर बायकांच्या एका सामन्याला ९१ हजारांवर प्रेक्षक आले. तरीही फिफाच्या बक्षिसांचा हिशेब असा: २०२२ च्या पुरुषांच्या विश्वचषकाला ४४ कोटी डॉलर आणि २०२३ च्या बायकांच्या विश्वचषकाला ११ कोटी. म्हणजे रुपयातले चार आणे. त्याआधीच्या खेपेला तर ४० कोटींच्या समोर ३ कोटी होते.

आपल्या दारात येऊन गेली

साकी कुमागाई आपल्या महाराष्ट्रातही खेळून गेली आहे. जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये स्त्रियांची आशियाई चषक स्पर्धा मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाली. जपानचा संघ तिच्या नेतृत्वाखाली पुण्यात बालेवाडीच्या मैदानावर उतरला, आणि तिथंच ३ फेब्रुवारीला चीनविरुद्धचा उपांत्य सामना पेनल्टीवर हरला. कोविडचे दिवस होते. यजमान भारताच्या संघात इतक्या मुली आजारी पडल्या की दुसऱ्या सामन्याला १३ खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत आणि संघ स्पर्धेतून बाद झाला. मायदेशात मिळालेली संधी एका सामन्यात संपली. त्या मुलींचं पुढे काय झालं, कुणाला नोकरी लागली, कुणी खेळ सोडला, कुणाचं लग्न लावून दिलं, हे विचारायला कोण गेलं?

जपान श्रीमंत आहे, आपण गरीब, अशी तुलना करून सुटका करून घेता येणार नाही. जागतिक आर्थिक मंचानं २०२३ साली स्त्री-पुरुष विषमतेची १४६ देशांची यादी केली. तीत जपान १२५ वा होता आणि भारत १२७ वा. सगळी गाडी, बुलेट ट्रेन, यंत्रमानव असूनही आपल्यापासून दोनच पायऱ्या वर. पैसा आला की बाईचा मान आपोआप येतो, असं सांगणाऱ्यांना ही यादी दाखवा.

मग करायचं काय? येत्या आठ मार्चला तालुक्यातालुक्यात खेळाडू मुलींचे सत्कार होतील. शाल, श्रीफळ आणि कदाचित एखादी पैठणी. कुंचल्यांचे आणि कपबश्यांचे हे आपल्याकडचे भाऊबंद. सत्कार जरूर करा, पण त्या मुलीला पाहुण्यांच्या भाषणापुरतं मंचावर बसवून ठेवू नका. तिला बोलू द्या आणि पाच गोष्टी विचारा. खेळून तुला महिन्याला किती मिळतं? करार लेखी आहे का? दुखापत झाली तर खर्च कोण करतं? बाळंतपणाची रजा आहे का? छळ झाला तर तक्रार कुणाकडे करायची, आणि त्या समितीत बाई आहे का? ही उत्तरं लिहून काढा आणि आपल्या अंकाकडे पाठवा. जिल्ह्याजिल्ह्यातली उत्तरं एकत्र आली की क्रीडा संघटनांना आणि सरकारला जाब विचारायला आपल्या हातात काहीतरी असेल.

साकी कुमागाई मोठी खेळाडू आहे. तिच्या कर्तृत्वापुढे कुणीही मान झुकवावी. पण साप्पोरोच्या किंवा सांगलीच्या एखाद्या मुलीला चांगलं खेळता येतं म्हणून तिनं चार देश पालथे घालावेत, असा नियम असू नये. जायचं असेल तर तिनं हौसेनं जावं. राहायचं असेल तर तिला आपल्या गावात, आपल्या मैदानावर, पुऱ्या पगारात राहता यावं.